ठाण्याच्या सरकत्या हद्दी : जुन्या कागदातलं गाव आजच्या नकाशावर कसं लावायचं

समजा, घरच्या ट्रंकेत तीन कागद सापडले. एकावर ‘मौजे कुर्ले, तालुके साष्टी, जिल्हे ठाणे’. दुसऱ्यावर ‘मौजे खारघर, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा’. तिसऱ्यावर ‘उंबरगाव, जिल्हा ठाणे’. आज कुर्ला मुंबई उपनगरात आहे, खारघर रायगडात आणि उंबरगाव थेट गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात. तरी तिन्ही कागद खरे असू शकतात, कारण ते आपापल्या तारखेला बरोबर होते. घोळ होतो तो ‘हे गाव कुठल्या जिल्ह्यात आहे?’ असं विचारल्यामुळे. विचारायचं असतं ते ‘कोणती हद्द, आणि कोणत्या दिवशीची?’

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाची अशी तारीखवार पट्टी कशी बनवायची, ते इथे दिलं आहे. वंशावळ, जमिनीचा इतिहास, शाळेचा प्रकल्प, गावाची स्मरणिका, काम कुठलंही असो, पद्धत हीच.

आधी हद्दी वेगवेगळ्या करा

एकाच गावावरून निदान चार प्रकारच्या रेषा जातात आणि त्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही.

पहिली महसुली : गाव, मंडळ, तालुका, जिल्हा. ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ खाली अधिसूचना काढून बदलते. दुसरी पालिकेची. तिचा कायदा वेगळा, तारीख वेगळी. तिसरी दस्तनोंदणीची : जुन्या खरेदीखतात ‘तुकडी ठाणे, पोटतुकडी कल्याण’ असं लिहिलेलं दिसतं, ती ही. चौथ्या प्रकारात पोलीस, मतदारसंघ, टपाल आणि आरटीओ अशा सोयीच्या हद्दी येतात.

नवी मुंबईत हे सगळं एका दृष्टीत दिसतं. बेलापूर ठाणे तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. खाडीपलीकडचं खारघर पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. दोन्ही सिडकोच्या नियोजनात, दोन्ही नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली. पण बेलापूरला नवी मुंबई महानगरपालिका आणि खारघरला पनवेल महानगरपालिका. बेलापूरचा मतदार ठाणे लोकसभेला मत देतो, खारघरचा मावळला. ‘आम्ही नवी मुंबईत राहतो’ हे दोघांचंही म्हणणं खरंच आहे, फक्त त्यावरून जिल्हा कळत नाही.

पिनकोडवर तर मुळीच विसंबू नका. ४०० म्हणजे मुंबई-ठाणे असा समज आहे; पण उरणचा पिन ४०० ७०२ आणि उरण रायगडात. ४०१ ने सुरू होणारे पिन भाईंदरलाही आहेत आणि पालघरलाही. म्हणजे एक ठाणे जिल्ह्यात, दुसरं पालघर जिल्ह्यात. गाडीच्या पाटीवरचं एमएच ०४, ४३, ४६ हेही आरटीओपुरतंच.

कोऱ्या कागदावर चार उभे रकाने आखा, डावीकडे तारखांचा पाचवा. पुढे जे सापडेल ते योग्य रकान्यात जाईल. एकाच रकान्यात सगळं भरलं की दोन पानांतच गोंधळ सुरू होतो.

गाव नक्की करा

सुरुवात मौजे, म्हणजे महसुली गावाच्या नावापासून करायची. नोड (सिडकोने वसवलेला उपनगरी विभाग), सेक्टर, कॉलनी, स्टेशन यांची नावं इथे कामाची नाहीत. सिडकोच्या भागात फ्लॅटच्या करारनाम्यात सेक्टर आणि प्लॉट असतो. मूळ मौजे आणि सर्व्हे नंबर बऱ्याचदा मालमत्तेच्या वर्णनाच्या परिशिष्टात किंवा भूसंपादनाच्या निवाड्यात दडलेला असतो. तो मिळाला की महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा पाहा, आणि त्यातल्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जा. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक मिळतं. जुने स्कॅन केलेले उतारे ‘आपले अभिलेख’वर शोधता येतात. तिथे गावाचं नाव सापडलं नाही, तर आजच्या तालुक्याऐवजी जुन्या तालुक्याखाली शोधून पाहा.

मग नावांच्या जोड्या. सर्वात जास्त चुका इथेच होतात :

दहिसर दोन : एक बोरिवलीच्या उत्तरेचं, दुसरं शिळफाट्याच्या बाजूचं.
तुर्भे दोन : जुन्या मराठीत ट्रॉम्बेलाही तुर्भेच म्हणतात, आणि एक नवी मुंबईतलं.
माहीम दोन : एक मुंबईचं, दुसरं केळवे-माहीम. पालघर तालुक्याचं नाव पूर्वी त्या दुसऱ्या माहीमवरूनच होतं, त्यामुळे ‘तालुके माहीम, जिल्हे ठाणे’ वाचून दादरशेजारी जाऊ नका.
कोपरी : ठाणे स्टेशनजवळ आणि वाशीजवळही.
कुलाबा : मुंबईचं टोक वेगळं. ‘जिल्हा कुलाबा’ हा अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्याच्या नावाचा.
आणि साष्टी : आपलं साष्टी म्हणजे ठाणे, कुर्ला, बोरिवली ज्यावर आहेत ते बेट. पोर्तुगीज कागदात हे नाव आलं की आधी ते गोव्यातलं साष्टी नाही ना, ते तपासा. गोव्यातही याच नावाचा तालुका आहे आणि दोन्हीकडे राज्य एकाचंच होतं.

इंग्रजी कागदांत ठाण्याचं ‘तन्ना’, कल्याणचं ‘कल्लियन’, वसईचं ‘बासीन’, साष्टीचं ‘सालसेट’ होतं. शोधताना निदान तीन स्पेलिंग करून पाहा.

जोडीतलं नेमकं गाव कोणतं, हे शेजारच्या गावांवरून ठरतं. दस्तातली चतुःसीमा वाचा. पूर्वेला अमुक मौजे, पश्चिमेला खाडी. नाव एकसारखं असतं, चारही शेजारी एकसारखे नसतात.

महसुली रकाना : तारखांची साखळी

या पट्ट्याच्या मोठ्या तारखा खाली आहेत. गावोगावचे बारीक बदल त्यांच्या आत येतात.

पेशव्यांनी जून १८१७ च्या पुणे करारात उत्तर कोकण इंग्रजांना दिलं आणि ‘उत्तर कोकण’ जिल्हा झाला, मुख्यालय ठाणे. १८३० मध्ये दक्षिण कोकणचा काही भाग त्याला जोडला, १८३३ मध्ये जिल्ह्याचं नाव ठाणे झालं. १८५३ मध्ये पेण, रोहे, महाड वगैरे भागाची कुलाबा ही पोट-कलेक्टरी ठाण्याखाली सुरू झाली आणि १८६९ मध्ये कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला.

आता पनवेलकरांनी नीट लक्ष द्यायचं. १८६९ मध्ये कुलाबा वेगळा झाला, पण पनवेल त्याच्याबरोबर गेलं नाही. पनवेल १८८३ मध्ये कुलाब्याकडे गेलं आणि कर्जत १८९१ मध्ये. म्हणून १८८२ चं ठाणे गॅझेटिअर उघडलं की पनवेल आणि कर्जत त्यात सापडतात. खारघर, कळंबोली, कामोठे या बाजूची एकोणिसाव्या शतकातली माहिती रायगडच्या पुस्तकात शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परततो, कारण ती ठाण्याच्या खंडात आहे. मुंबई प्रांताच्या गॅझेटिअरचा खंड १३ (दोन भाग) आणि स्थळांचा खंड १४, हे ठाण्याचे. खंड ११ कुलाबा-जंजिऱ्याचा. १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचा रायगड झाला. हे फक्त नामांतर. त्याने एकही गाव इकडचं तिकडे झालं नाही. पट्टीत त्याला ‘नाव’ असा शेरा द्या, ‘हद्द’ नाही.

साष्टीची बाजू अशी : १९१७ मध्ये वांद्र्याला महाल (तालुक्याहून लहान महसुली विभाग) झाला. १९२० मध्ये साष्टीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले. दक्षिणेची ८४ गावं ठाण्यातून निघून नव्या मुंबई उपनगर जिल्ह्यात गेली. कुर्ल्याच्या कागदावरचं ‘जिल्हे ठाणे’ त्याआधीचं. उत्तर साष्टी १९२३ मध्ये कल्याण तालुक्याखालचा महाल झाली आणि १९२६ मध्ये ठाणे तालुका म्हणून उभी राहिली. म्हणजे १९२३ ते १९२६ मधल्या कागदावर साष्टीतल्या गावाला ‘तालुका कल्याण’ दिसलं तर ती कारकुनाची चूक समजू नका.

पुढे १९४५ मध्ये उपनगर जिल्ह्यातली ३३ गावं उलट ठाण्याकडे आली आणि १९५६-५७ मध्ये बृहन्मुंबईत गेली. मुंबई महापालिकेची हद्द १ फेब्रुवारी १९५७ ला दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. बोरिवलीकडच्या घराण्यांचे दस्त उपनगर, ठाणे, बृहन्मुंबई आणि १९९० नंतर पुन्हा मुंबई उपनगर, अशा चार मथळ्यांखाली सापडतात ते यामुळे.

उत्तरेला जव्हार हे संस्थान होतं; विलीनीकरणाआधीचे त्याचे कागद ठाण्याच्या दप्तरात शोधू नका. १९६० मध्ये मुंबई राज्याची फाळणी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. इकडे उरलेली २७ गावं आधी डहाणूत घातली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल झाला. १९६९ मध्ये कल्याणातून उल्हासनगर निघालं.

शेवटचा मोठा बदल १ ऑगस्ट २०१४ : पालघर जिल्हा. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे आठ तालुके तिकडे. ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर, अंबरनाथ हे सात इकडे.

अधिसूचना वाचताना तीन तारखा वेगळ्या टिपा : प्रारूप, अंतिम प्रसिद्धी आणि अंमल. प्रारूपावर हरकती मागवलेल्या असतात, त्यातली गावं अंतिम यादीत गळतात किंवा वाढतात. वर्तमानपत्राची कात्रणं बहुधा प्रारूपाची असतात, म्हणून त्यांवर पट्टी उभारू नये.

पालिकेचा रकाना

इथे गावं आत-बाहेर फार करतात. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ची. नवी मुंबई महानगरपालिकेची स्थापना १७ डिसेंबर १९९१ आणि कारभार १ जानेवारी १९९२ पासून. दोन्ही तारखा छापलेल्या मिळतात आणि दोन्ही बरोबर आहेत. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ची, जुन्या नगरपरिषदेत २९ गावं मिळवून. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. पण ती नियोजन प्राधिकरण आहे, पालिका नव्हे. ‘१९७० पासून हे गाव नवी मुंबईत’ हे वाक्य म्हणूनच तीन अर्थांनी वाचता येतं आणि त्यातले दोन चुकीचे.

कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ मध्ये आत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यातली १८ वगळण्याची अधिसूचना निघाली आणि उच्च न्यायालयाने ती रद्द केली. शिळफाट्याकडच्या दहिसरच्या भागातली १४ गावं नवी मुंबईतून २००७ मध्ये वगळली गेली, २०२४ च्या अधिसूचनेने पुन्हा घेतली गेली. या सगळ्या येरझाऱ्यांत गावांचा जिल्हा ठाणेच राहिला. घरपट्टीची पावती बदलते, सातबाऱ्याचा मथळा बदलत नाही. दोन रकाने वेगळे ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

१८१७ च्या मागे जायचं असेल तर

शिलाहारांच्या ताम्रपटांत ठाणे ‘श्रीस्थानक’ आहे आणि आजूबाजूचा मुलूख ‘षट्षष्टी’, म्हणजे सहासष्ट गावांचा. साष्टी हे त्याचंच घासलेलं रूप. या थरात रेषा आखायचा हट्ट धरू नका. दानपत्रात गावाचं नाव, विषयाचं (म्हणजे त्या काळच्या प्रशासकीय विभागाचं) नाव आणि चतुःसीमा मिळते. नकाशावर ठिपका द्या, हद्द नको.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. ठाणे, साष्टी, वसई दोनशे वर्षं त्यांच्याकडे राहिली. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी घेतली, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. नंतर २८ डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. वसई मात्र मराठ्यांना परत मिळाली.

त्यानंतरची पस्तीस वर्षं या भागाच्या अभ्यासात फार कमी लोक नीट धरतात. १७८२ ते १८१७ ठाण्याची खाडी ही दोन राज्यांमधली सरहद्द होती. अलीकडे ठाणे, कंपनीचं. पलीकडे बेलापूर, पनवेल, कल्याण, पेशव्यांचं. आज ऐरोलीच्या पुलावरून दहा मिनिटांत ओलांडतो ती ही खाडी. त्यामुळे त्या काळासाठी अलीकडच्या गावाचे कागद इंग्रजीत, मुंबईच्या पुराभिलेखागारात. पलीकडच्या गावाचे मोडीत, पुण्याच्या पेशवे दप्तरात. एकाच घराण्याच्या दोन्ही काठांवर जमिनी असतील तर दोन्ही ठिकाणी जावं लागतं. गॅझेटिअर आणि छापील साधनांसाठी आधी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. १८९३ ची संस्था आहे आणि फोर्टपर्यंतची खेप कधी कधी वाचते.

मोडी कागदावरची तारीख बहुधा सुहूर सनात, तीही अरबी अंकशब्दांत. उदाहरणार्थ ‘तिसा सलासीन मया व अलफ’ : ९ + ३० + १०० + १००० = ११३९. हा सन मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. जून ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते जूनच्या सुरुवातीची असेल तर ६००. वसई पडली तो मे महिना ११३९ + ६०० = १७३९. तारीख शालिवाहन शकात असेल तर ७८ मिळवा, आणि चैत्रापूर्वीच्या जानेवारी-मार्चसाठी ७९. इंग्रजांचे १७०० ते १७५२ मधले कागद पोर्तुगीजांपेक्षा ११ दिवस मागे चालतात, त्याआधीचे १० दिवस; तेव्हा एकाच घटनेच्या दोन तारखा दिसल्या तर आधी पोर्तुगीज तारखेतून तेवढे दिवस वजा करून पाहा.

नकाशे एकावर एक

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे तक्ते १५ मिनिटं बाय १५ मिनिटांचे असतात. ठाणे ४७ ए/१६ मध्ये, कल्याण-डोंबिवली आणि बेलापूर ४७ ई/४ मध्ये, पनवेल ४७ एफ/१ मध्ये. चौथा तक्ता ४७ बी/१३. ७३ अंश पूर्व आणि १९ अंश उत्तर या रेषा पनवेल खाडीच्या तोंडाजवळच छेदतात, म्हणून नवी मुंबई नेमकी चार तक्त्यांच्या कोपऱ्यावर येते. एक तक्ता घेऊन भागत नाही, चारही घ्या.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत जुना तक्ता बसवताना निदान सहा खुणा घ्या, चारही कोपऱ्यांकडे पसरलेल्या. चांगल्या खुणा : ठाण्याचा किल्ला (म्हणजे आजचं कारागृह), घोडबंदर किल्ला, बेलापूरचा किल्ला, कल्याणचा दुर्गाडी, अंबरनाथचं शिवमंदिर, पारसिकच्या डोंगरावरचे उंचीचे ठिपके. वाईट खुण म्हणजे किनारा. वाशीची आजची जमीन बरीचशी भरावाची आहे. जुन्या नकाशावर तिथे खाजण आणि मिठागरं. किनाऱ्याला किनारा जुळवला की अख्खं गाव सरकतं.

अक्षांश-रेखांशाच्या जाळीवरून बसवत असाल तर जुन्या तक्त्याचा एव्हरेस्ट आधार आणि मोबाइलचा डब्ल्यूजीएस ८४ (पृथ्वीचा आकार मोजायची दोन वेगळी गृहीतं) यांत आपल्याकडे शंभरेक मीटरचा फरक पडतो. तालुक्याच्या रेषेला तो चालून जातो, बांधाला नाही. आणि जुना गाव नकाशा आठ इंचाला एक मैल, म्हणजे १:७,९२० चा. ५० हजारी तक्त्यावर तो ताणून बसवण्यापेक्षा उलट करा, गाव नकाशा हा पाया धरा.

क्षेत्राचीही एक चूक ठरलेली. जुन्या उताऱ्यात एकर-गुंठे-आणे, नव्यात हेक्टर-आर-चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस, १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर. ‘०.४२.५०’ म्हणजे ४,२५० चौरस मीटर, जुन्या मापात ‘१-२-०’, एक एकर दोन गुंठे. हेच ‘१-२-०’ हेक्टर-आर समजून वाचलं की जमीन जवळजवळ अडीचपट होते, आणि घरात उगाच भांडणं लागतात.

जनगणनेचे आकडे घेताना सीमा कोणत्या दिवशीच्या ते पाहा. २०११ ची जनगणना ३१ डिसेंबर २००९ च्या सीमांवर झाली. त्यातला ठाणे जिल्हा १,१०,६०,१४८ लोकांचा, पालघरसकट. आजच्या ठाण्याशी तुलना करायची तर पालघरच्या आठ तालुक्यांचे २९,९०,११६ वजा करा, राहतात ८०,७०,०३२. हे न केल्यामुळे ‘ठाण्याची लोकसंख्या घटली’ असा शोध अधूनमधून लागत असतो.

पट्टी पूर्ण झाली की ती अशी दिसते

मौजे खारघर. १८१७ पर्यंत पेशव्यांकडे. १८१७ उत्तर कोकण जिल्हा. १८३३ ठाणे (नाव). १८८३ पनवेलबरोबर कुलाब्यात (हद्द). १ जानेवारी १९८१ रायगड (नाव). नियोजन : सिडको. पालिका : १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिका, त्याआधी ग्रामपंचायत. पोलीस : नवी मुंबई आयुक्तालय. लोकसभा : २००९ च्या निवडणुकीपासून मावळ. टपाल : ४१० २१०. नोंदणीची पोटतुकडी : हातातल्या दस्ताच्या मथळ्यावरून, दस्ताच्या तारखेसह.

अधिसूचना किंवा मूळ उतारा डोळ्यांनी पाहिला असेल ती तारीख शाईने लिहा. ऐकीव किंवा दुसऱ्या पुस्तकावरून घेतलेली असेल ती पेन्सिलने, शेजारी कुठून घेतली ते लिहून.